अंगठीतले विशेष्य

साखरपुड्याच्या सकाळी मुलीने मला एकच अट घातली. "बाबा, आज कुणालाही काही शिकवायचं नाही."

अंगठी तिने आणि होणाऱ्या जावयाने मिळून निवडली होती. दोघेही हिंजवडीत एकाच कंपनीत. अंगठीत हिरा नव्हता, हिऱ्यासारखाच दिसणारा मोझनाइट नावाचा खडा होता. विहीणबाईंना हे भर समारंभात कळले, तर त्यांचे मन खट्टू होईल, अशी मुलीला धास्ती होती. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले असल्यामुळे ते कुणाच्या तोंडून कळेल, याविषयी तिच्या मनात शंका नव्हती.

कात्रजच्या कार्यालयात अंगठ्या घालून झाल्या. पेढे फिरत असताना माझ्या थोरल्या बहिणीने मुलीचा हात ओढून घेतला आणि खड्यावर तोंडाची वाफ सोडली. वाफ क्षणात उडाली.

"अस्सल हिरा," ताईने निकाल दिला. "काचेवर वाफ रेंगाळते."

काचेबद्दल ताईचे बरोबर होते. परंतु मोझनाइटही हिऱ्याप्रमाणेच उष्णता झरझर वाहून नेतो. म्हणून या परीक्षेत तोही उत्तीर्ण होतो. हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होते. मी त्यावर पेढा ठेवला.

इतक्यात विहीणबाई जवळ आल्या. त्या मराठीच्या निवृत्त शिक्षिका. "सर, आपल्या खिशात भिंग असतं म्हणे. आपणच बघून सांगा."

भिंग होतेच. मी खडा किंचित तिरका धरला. हिऱ्यातून पाहिले असता मागच्या पैलूंच्या कडा एकेरी दिसतात. येथे प्रत्येक कडेशेजारी तिची जुळी बहीण उभी होती, कारण मोझनाइट आत शिरणाऱ्या किरणाचे दोन किरण करतो. शिवाय त्यात इंद्रधनुष्याचे रंग हिऱ्यापेक्षा अधिक. कार्यालयाच्या दिव्यांखाली तो वरमामासारखा जरा जास्तच उत्साहाने मिरवत होता.

"खरा आहे," मी म्हणालो. शास्त्रीयदृष्ट्या विधान निर्दोष होते.

"'खरा' हे विशेषण झालं," विहीणबाई म्हणाल्या. "विशेष्य कुठं आहे?"

मुलीने डोळे मिटून घेतले.

"मोझनाइट."

"पूर्ण वाक्यात, सर."

"हा खरा मोझनाइट आहे."

"आता बरोबर. अंगठी घेतली त्याच दिवशी मुलानं मला सांगितलं होतं. फक्त तुमच्यासमोर विषय काढू नकोस म्हणाला. सर तास घेतील."

ताईने मुलीचा हात सोडला. "म्हणजे हिरा खोटा?"

"नाही हो, ताई," विहीणबाई म्हणाल्या. "खड्यानं स्वतःला हिरा म्हणवून घेतलं असतं, तर खोटा. त्याला हिरा तुम्ही म्हणालात."

मुलीने एक डोळा उघडला, मग दुसरा. विहीणबाईंनी खुर्ची ओढून घेतली. "बरं, दोहोंत कठीण कोणता?"

मी परवानगीसाठी मुलीकडे पाहिले.

"पानं मांडेपर्यंतच, बाबा."

"हिरा," मी सुरुवात केली, "परंतु..."

ताई पानांची चौकशी करायला उठली.