सहमत, असहमत आणि दाजी

पीएचडीसाठी मी 'आत्महत्येविषयी समाजाचा दृष्टिकोन' हा विषय घेतला. बेळगावच्या एका कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवतो, आणि गंभीर विषय घेतला की माणूसही वजनदार दिसतो अशी माझी समजूत होती. घरात तो शब्द कुणी उच्चारत नसे. बायको शेजारणींना सांगायची, "त्यांचं कसलंसं सर्व्हेचं चाललंय."

मूळ इंग्रजी प्रश्नावली मीच मराठीत आणली. एकेक विधान वाचायचं आणि 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंतच्या चौकटींपैकी एकीत खूण करायची. माझं मराठी इतकं भारदस्त उतरलं होतं, की निपाणीच्या बाजारात पहिल्याच दुकानदारानं कागद वाचला, पुन्हा वाचला आणि विचारलं, "सही कुठं करायची?" आमच्याकडे मराठीत छापलेला कागद घेऊन कुणी दारात आला की तो सीमाप्रश्नाचाच असतो, हे मी जन्मभर इथं राहून विसरलो होतो. त्या भल्या माणसानं सगळीकडे 'पूर्ण सहमत' केलं. त्याच्या मते आत्महत्या हे पाप होतं, तो माणसाचा हक्कही होता आणि त्याविषयी बोलणं घातकही होतं. निघताना म्हणाला, "आपला पाठिंबा हाय."

मग मी विधानं आमच्या बोलीत समजावून सांगू लागलो. समजावता समजावता उत्तरही मीच देऊन टाकायचो, लोक मान डोलवायचे आणि मी खूण करायचो. थोड्याच दिवसांत समाजाचा दृष्टिकोन माझ्या दृष्टिकोनाशी फारच जुळायला लागला. गाईड सरांना तो कल आशादायक वाटला.

त्याच सुमारास चिकोडीजवळच्या गावातून आक्काचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. तिचे यजमान, आमचे दाजी, हायस्कुलात खेळाचे मास्तर होते. निवृत्त झाल्यापासून ते हळूहळू मिटत चालले होते.

"जेवत न्हाईत, झोपत न्हाईत," आक्का म्हणाली. "परवा म्हनाले, मी नसलो म्हनून तुमचं काय अडतंय. मला लई भ्या वाटाय लागलंय. तू त्योच इषय शिकतोयस न्हवं? मग ये आनि इचार की त्येंस्नी."

वर्गात मी छातीठोकपणे सांगत असे, की थेट विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. आता पळवाट नव्हती. रविवारी गेलो, आणि जाताना पिशवीत प्रश्नावली टाकली. नुसत्या तोंडानं विचारायची मला हिंमत नव्हती. स्वतःला मात्र मी सांगितलं की जाताजाता एक उत्तरदाता वाढेल.

दाजी घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. ज्यांच्या शिट्टीवर अख्खं मैदान जागच्या जागी थांबायचं, ते दाजी मला बघून उठलेसुद्धा नाहीत, आणि मला फार वाईट वाटलं. आक्का चहा ठेवून आत गेली, म्हणजे दाराआड उभी राहिली. मी ऊस, ऊन, कॉलेज असं सगळं बोलून घेतलं आणि शेवटी कागद काढून पहिलं विधान वाचलं: एखादी व्यक्ती निराश असल्यास तिने ती भावना इतरांपासून लपवावी.

"ही एखादी व्यक्ती म्हंजे कोन?" दाजींनी विचारलं.

"कुणीबी, दाजी. आपलं सर्वसाधारण."

"म्हंजे मी न्हवं."

"छे छे, तुम्ही कशाला," मी म्हणालो. मला अगदी सुटल्यासारखं वाटलं.

मग दाजींनी कागद हातात घेऊन एकेक खूण नीट केली. जगणं मोलाचं आहे, मदत घ्यावी, बोलावं. सगळी उत्तरं मला हवी तशी. मी समाधानानं घड्याळाकडे बघितलं. दाराआडून आक्का खाकरली.

तेव्हा कुठं मी कागद पिशवीत कोंबला आणि बोललो. बोललो काय, तर, "दाजी, तुम्हाला जीव द्यावासा वाटतो का? म्हणजे पूर्ण सहमत, की..." सवयीनं मी चौकटीच वाचायला लागलो होतो.

दाजी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असावेत, कारण आक्का बाहेरच आली. मग हसू ओसरलं आणि ते जमिनीकडे बघत म्हणाले, "वाटतंय. रोज न्हाय, पर वाटतंय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कुनीतरी इचारंल म्हनून वाट बघत हुतो. तेवढ्याला तुला एवढी कागदं लागली व्हय रं?"

पुढं काय बोलायचं हे मी वर्गात कधी शिकवलंच नव्हतं, कारण मला येत नव्हतं. मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याला हल्ली मी व्याख्यानांत 'समजून घेत ऐकणे' म्हणतो. दाजी बोलत राहिले, आक्का त्यांचा हात धरून रडत राहिली. त्या दिवशी आम्ही त्यांना एकटं सोडलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं तिघंही बेळगावला मनोविकाराच्या डॉक्टरांकडे गेलो.

आता दाजी दर महिन्याला तपासणीला येतात आणि बेळगावलगत पिरनवाडीला आमच्या घरी उतरतात. गोळ्या चालू आहेत, झोप लागते. मध्येच एखादा आठवडा वाईट जातो, पण तसं ते आक्काला सांगतात. परवा संध्याकाळी आले तेव्हा मी नेहमीसारखा प्रबंधावर चिडचिड करत बसलो होतो. बरेच महिने तसाच बसतो आहे. दाजींनी माझ्या बायकोसमोरच विचारलं, "तुझं काय रं? तुला वाटतंय का कवा तसं?"

"छे, काहीतरीच काय दाजी," मी म्हणालो.

"मीबी असंच म्हनत हुतो," ते म्हणाले आणि चहा बाजूला ठेवून माझ्याकडे बघत बसले. बायकोनं टीव्ही बंद केला. मग मी खरं ते सांगितलं.