कोपऱ्यातला कंदील

जपानमधल्या तोयोसुच्या ऑफिसात आम्ही मराठी दोघंच, मी आणि नेने. किस्से मात्र वीस जणांना पुरतील एवढे साठलेत. जेवणाच्या सुट्टीत एक निघाला की मागोमाग दुसरा येतोच. आमच्या एका क्लायंटचे, जुन्या मासिकवाल्यांचे किस्से मी हसत सांगायला घेतो खरा, पण मग दिवसभर मलाच चैन पडत नाही.

*

हे प्रकाशक पूर्वी स्टेशनांवर विकायची स्वस्त मासिकं काढायचे. खून, भुतं, प्रेमप्रकरणं! बहुतेक मुखपृष्ठांच्या कोपऱ्यात त्यांची खूण, एक कंदील. आता त्यांना आपल्या ब्रँडचा इतिहास वेबसाइटवर मांडायचा होता आणि ते काम आमच्याकडे आलं. त्यात कळलं, की मधल्या एका मालकाला कंदील गावठी वाटला म्हणून त्याने डोंगर लावला. खप कोसळला. कंदील मुकाट्याने परत आला.

नेने म्हणाला, "आपल्याकडे नवा मॅनेजर निदान केबिनचे पडदे बदलून थांबतो."

*

मोरिता-सान त्या प्रकाशकांकडचे जुने कर्मचारी. वय अठ्ठ्याहत्तर, तरी रोज येऊन अंक सांभाळायचे. कंदील काढायचे ते त्यांचे वडील. प्रेमकथांच्या मासिकावर मात्र कंदील नसे, ते सभ्य घरांत जावं म्हणून. मोरिता-सानांची आई ते आवडीने वाचायची आणि नवऱ्याला सुनावायची, "तुमच्या कंपनीनेही असं काहीतरी चांगलं काढावं!" नवरा गप्प जेवायचा.

*

स्कॅनिंगसाठी अंकांची शिवण कापावी लागे. सुटी झालेली पानं रद्दीत. इथे रद्दीचा वार ठरलेला, गठ्ठाही नीट बांधलेला लागतो. माझी गाठ नेहमी सैल बसायची. शेवटी मोरिता-सानांनीच हात धरून शिकवली.

"आता कॉम्प्युटरमध्ये सुखरूप आहेत ना?" एवढंच ते विचारायचे. मी दर वेळी हो म्हणायचो.

*

एकदा घरून काम करत होतो. माझी सात वर्षांची इरा स्क्रीनजवळ आली आणि जपानीत म्हणाली, की बाबा, हे दिवे सगळे वेगवेगळे आहेत. मी म्हटलं, "जुनी छपाई आहे गं, शाई पसरते."

मग त्यातला सगळ्यात स्वच्छ कंदील निवडला आणि प्रोग्रॅम लावून जिथे जिथे कंदील होता त्या सगळ्या मुखपृष्ठांवर तोच बसवला. जागा वाचावी म्हणून मूळ स्कॅन पुसून टाकले. क्लायंट खूश, मला शाबासकी! पोरीचं ऐकायला हवं होतं, असं अजून वाटतं.

*

वेबसाइट सुरू झाली त्या दिवशी मोरिता-सान टाय लावून आले. त्यांनी आपल्या जन्माच्या महिन्याचा अंक उघडायला सांगितला. म्हणाले, वडील दर महिन्याला कंदील हाताने नवा काढायचे. त्या महिन्यात त्यांनी आत दोन ज्योती काढल्या होत्या, एक मोठी आणि शेजारी एक इवलीशी.

मी अंक उघडला. ज्योत एकच होती.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. स्क्रीनजवळ वाकून बराच वेळ बघत राहिले. मी सांगायला तोंड उघडलं.

"राहू द्या, देशपांडे-सान," ते म्हणाले. "माझेच डोळे अधू झालेत. काम फार स्वच्छ झालंय."