भीक घातलेला हत्ती

जुन्या लाकडी मोहऱ्यांना तळहातांचा वास येतो: घाम, तंबाखू, थोडं खोबरेल आणि पराभवाचा एक मंद, कडसर दर्प. मुलुंडच्या आमच्या बुद्धिबळ क्लबातल्या मोहऱ्यांना तो दर्प लावण्यात, खोटा विनय बाजूला ठेवून सांगतो, सिंहाचा वाटा माझा!

नवे पैसे चालू झाले तरी आम्ही चहा आण्यांतच मागवत होतो, त्या काळातली एक संध्याकाळ. दामू, माझा नित्याचा प्रतिस्पर्धी, बायको गेल्यानंतर प्रथमच क्लबात आला होता. शोकाकुल मित्राला द्यावं तरी काय? शब्द तर आधीच्या माणसांनी वापरून गुळगुळीत केलेले. मी ठरवलं, त्याला विजय द्यावा! वास्तविक हरण्यासाठी मला कधीच प्रयत्न करावे लागले नव्हते. पण करुणेच्या उमाळ्यात माणसाला स्वतःच्या उपजत गुणांचंही विस्मरण होतं.

पहिल्याच चालीला मी अगदी कडेचं प्यादं दोन घरं ढकललं. दामूने राजापुढचं प्यादं सरकवून आपल्या उंटाची वाट मोकळी केली. त्याबरोबर मी माझा हत्ती नेमका त्या उंटाच्या तोंडी नेऊन ठेवला. असा प्रारंभ कुठल्या शास्त्रात सापडायचा!

दामू हत्तीकडे पाहतच राहिला.

"घे की रे, फुकटच समज."

"म्हणूनच नको. विन्या, माझा उंट कीव खात नाही." मग आवाज उतरला. "घरी सगळं असंच चाललंय. आमटी अळणी म्हणून ओरडलो, तर सून माफी मागते. सरू असती तर म्हणाली असती, चोचले पुरे, गप्प गिळा! अरे, कुणीतरी भांडा ना माझ्याशी!"

मऊ उशीनेही माणूस गुदमरतो, हे आपल्याला इतक्या उशिरा का कळावं?

मी पट नव्याने मांडला आणि मनापासून, म्हणजे नेहमीसारखा भिकार, खेळू लागलो. मध्येच घोडा उचलायच्या नादात वजिराला हात लागला. मी तो चटकन मागे घेतला.

"हात लावलास, आता हलव!" दामू गरजला.

"अरे, चुकून..."

"चुकूनबिकून तुझ्या घरी! हलव, लबाडा!"

वजीर कुठेही नेला तरी मरणारच होता. दामूने तो निर्दयपणे मारला, आणि कित्येक दिवस राखेसारखा झालेला त्याचा चेहरा क्षणभर रागाने लाल झाला.

जेवणाची वेळ झाली. घरच्या बोलण्यांच्या धाकाने एकेक जण उठून गेला. दामू मात्र पुन्हा मोहरे मांडू लागला. उशीर झाला म्हणून त्याला फाडून खाणारं आता घरी कुणी नव्हतं. माझ्या घरी होतं. त्या भाग्याची थोडी लाज वाटून मी खाली मान घातली, आणि प्यादं पुढे सरकवलं.