टिकलीवरचा आवाज

माझ्या गिटारचा आवाज मोठा करणारा ॲम्प आहे, पण आमच्या घरात त्याला ॲम्प कुणी म्हणत नाही. डबा म्हणतात. "डबा बंद कर", "डब्यावर कप ठेवू नको, सांडंल." गिटारवाल्यांना राग येईल, पण नाव काही चुकीचं नाही. काळा, चौकोनी, वर धरायला पट्टा, पुढं जाळी, जाळीमागं वीतभराचा स्पीकर आणि वरच्या पट्टीवर ओळीनं फिरवायची बटणं. आत ट्रान्झिस्टर, म्हणून खटका दाबला की लगेच चालू, तापायची भानगड नाही. लग्नातल्या डीजेपुढं ठेवला तर लोक हसतील, पण आमच्या एवढ्याशा खोलीत फळीवरची भांडी वाजवतो.

तो मी दौंडहून आणला. दौंड माझी सासुरवाडी. तिथं रेल्वेतला एक जण बदलीवर निघाला होता, त्याला सामान कमी करायचं होतं आणि मला वाढवायचं होतं. शिरूरच्या एसटीत मांडीवर घेऊन बसलो. न्हावऱ्याच्या अलीकडं कंडक्टर म्हणाला, "काय हाय त्यात?" म्हटलं, "स्पीकर हाय, गिटारचा." "मग वाजवा की, बसलाय काय मुके!" सगळी गाडी हसली. सगळ्यात मोठ्यानं माझी बायको.

तिचा आवाजच मोठा. तिचा दोष नाही. लहानपण रुळाशेजारी गेलं. मालगाडी धडधडत असताना कुणाला जेवायला बोलवायचं तर तसाच आवाज लागतो. लग्न होऊन शिरूरला आली, मालगाडी मागं राहिली, आवाज सोबत आला. नुसतं "मीठ द्या" म्हणाली तरी शेजारी दचकतात.

मी काही मोठा वादक नाही. मोबाईलवर बघून बघून शिकलो. एमआयडीसीत पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करतो. दिवसभर लोखंडाची धाडधाड ऐकल्यावर आपल्या हातानं काहीतरी बरं वाजावं असं वाटायचं, एवढंच. बरं वाजायचं नाही ते सोडा. मी डब्याला शिव्या घालायचो आणि आई भाकरी थापता थापता म्हणायची, "नाचता येईना अंगण वाकडं! त्या डब्यानं काय घोडं मारलंय तुझं?"

घरात अर्थिंग नाही, त्यामुळं डबा चालू केला की भणभणतो. गिटारच्या तारांना हात लावला की गप्प, हात काढला की पुन्हा सुरू. आईला त्याची फार मौज. म्हणायची, "तान्ह्या पोरावानी हाय रं. हात लावला की गप."

आता आईचं सांगतो, कारण डबा माझा असला तरी खरं नाव त्यानं तिच्यामुळं काढलं.

आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासाचे तीन महिने, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज दिवेलागणीला ग्रंथवाचन असतं. माणसं जमतात, त्रिसरण-पंचशील होतं, मग एक जण ग्रंथातली थोडी पानं वाचतं आणि बाकीचे ऐकतात. वाचायची माझी आई. सातवी शिकलेली, पण एकेक शब्द असा स्वच्छ की ऐकणाऱ्यानं मान वर करून बघावं. तिचा एक नियम होता. प्रकरण हातात घेतलं की मधे थांबायचं नाही. लाईट गेली तर बॅटरीवर, ठसका आला तर गिळून, कुणाचं पोर रडलं तर रडू दे. "वाचन थांबत नसतं," एवढंच म्हणायची.

मग तिच्या गळ्याला गाठ आली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, आवाज मात्र बारीक झाला. इतका बारीक की पहिल्या ओळीच्या पुढं जाईना. मागून बायका म्हणायला लागल्या, "ऐकू येत न्हाई, ऐकू येत न्हाई." महिला मंडळाचं सगळं बघतात त्या मावशी, वस्तीतल्या झाडून सगळ्यांच्याच मावशी, एक दिवस घरी आल्या आणि जरा आडून आडून म्हणाल्या, "औंदा दुसऱ्या कुणाला तरी वाचाया देऊ. तुला तरी किती तरास." आई "व्हय की" म्हणाली. मावशी गेल्यावर तिनं धुतलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. माझं डोकंच फिरलं. बाजारात जाऊन जाड पिनेचा माईक आणला, डबा गाडीच्या टाकीवर ठेवला आणि विहारात नेऊन जोडला.

पहिल्या दिवशी घोळ झाला. गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करायचं एक बटण असतं, ते माझ्याकडून दाबलेलंच राहिलं. आईनं पंचशील सांगायला तोंड उघडलं आणि आतून असा काही घोगरा आवाज आला की पुढची पोरं उठून पळाली. मावशी म्हणाल्या, "अगं, शील सांगतीयास का दम देतीयास?" विहार हसला. आई तर डोळ्याला पदर लावून हसली. मी बटण सोडलं, बेस कमी केला, ट्रेबल थोडा दिला, आवाज बराच वर घेतला. मग आईचा आवाज दारातल्या चपलांपर्यंत पोचला. परत कुणी "ऐकू येत न्हाई" म्हणालं नाही.

पण मी एरवी गिटारसाठी बटणं फिरवायचो आणि संध्याकाळी आईचा आवाज पुन्हा जुळता जुळत नसे. कधी डबा शिट्टी मारायचा, कधी आई विहिरीतून बोलल्यासारखी. शेवटी आईनं आरशावरच्या बायकोच्या टिकल्या काढल्या आणि बटणांच्या कडेला चिकटवल्या. "हितं, हितं आन् हितं. एरवी काय कान पिळायचे ते पीळ त्याचे. सांजच्याला माझ्या टिकलीवर आणून ठेव." बायको ओरडली, "आई, माझ्या नव्या टिकल्या हुत्या त्या!" आई म्हणाली, "मग डबा नटला की."

असे काही वर्षावास गेले. मग एका थंडीत वस्तीत कुणाच्या तरी बाळाचं नामकरण होतं, आईनं डब्यावर वंदना घेतली. डबा मी घरी आणून कोपऱ्यात ठेवला. बटणं टिकलीवरच होती. त्याच आठवड्यात आई गेली. छातीत दुखतंय म्हणाली, रिक्षात बसवली, दवाखान्याच्या पायऱ्या काही तिनं चढल्या नाहीत.

मला काहीच वाटलं नाही. खोटं कशाला बोलू? आईच्या जलदान विधीला मांडववाल्याचा स्पीकर होता. लोक म्हणाले होते, घरचा डबा आण. मी नाही म्हटलं, आणि का म्हटलं ते मलाच कळलं नाही. मांडववाल्यानं एको लावून ठेवलेला. जो उठेल तो आईला आदरांजली वाहायचा आणि स्पीकर म्हणायचा जली, जली, जली. मी पांढरे कपडे घालून पुढं बसलो होतो आणि माझ्या डोक्यात एकच, ह्याचा एको कुणीतरी कमी करा रे. दुसरं काही नव्हतं. लोक एकमेकांना सांगत होते, पोरगं खंबीर आहे. खंबीर कसलं, बधीर. दाढ काढताना सुई मारल्यावर गाल असतो ना, तसा मी सगळाच झालो होतो. चहा हनुवटीवरून ओघळतो तेव्हा कळतं की आपण पितोय.

कामावर गेलो. प्रेस चालवला. जेवलो, झोपलो. रोज घरी आल्यावर डबा चालू करायचो. लाल दिवा लागायचा, भणभण सुरू व्हायची. गिटार मांडीवर घ्यायचो, तारांना हात लावायचो, डबा गप्प. बस्स. वाजवत नव्हतो. आईच्या टिकलीवर गिटार पत्र्यासारखी वाजते, नीट वाजवायची तर बटणं फिरवावी लागतात. ती मला फिरवायची नव्हती. टिकल्या आहेत की, पुन्हा जाग्यावर आणता येतील, एवढी अक्कल मला होती. पण आणायची कुणासाठी? एकदा फिरवली की आई गेली ती गेलीच, असं काहीतरी मनात बसलं होतं. वेडेपणा आहे, मला कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

एकदा बायको डबा पुसत होती. मी दारातूनच खेकसलो, "हात लावू नको म्हणून सांगितलंय ना!" ती म्हणाली, "फिरवलं न्हाई. नुसती धूळ पुसली." तिनं फडकं झटकलं आणि आत गेली. तिच्या मोठ्या आवाजात ती मला चार शब्द सुनावू शकली असती, माझी तीच लायकी होती.

आषाढ आला. मावशी घरी आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "डबा लागंल विहारात. आन् औंदा वाचंल तुझी बायकू."

बायको उडालीच. "मी? मावशी, माझा आवाज म्हंजी..."

"म्हंजी काय? त्या घरचं वाचन हाय, त्याच घरात राहू दे."

मी म्हटलं, "डबा न्या. पण बटणांना कुणी हात लावायचा न्हाई."

मावशींनी माझ्याकडं बघितलं, मग बायकोकडं बघितलं, आणि पदर सावरत उठल्या.

पहिल्या संध्याकाळी मी डब्याशेजारीच बसलो, आईच्या वेळी बसायचो तसा. बायकोनं माईक धरला, पहिला शब्द उच्चारला आणि पत्र्यावर दगड पडावेत तसा डबा खडखडला. पोरांनी कानावर हात ठेवले. मावशी म्हणाल्या, "आरं, कमी कर की जरा."

मला ऐकू आलं. बटण माझ्या गुडघ्यापासून हातभरावर होतं. हात उचलला नाही. सगळे माझ्याकडं बघत होते आणि मी टिकलीकडं.

बायकोनंही टिकलीकडं बघितलं. मग तिनं माईक तोंडापासून लांब धरला आणि वाचायला सुरुवात केली. हळू. बारीक. इतक्या वर्षांच्या संसारात तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. आत ओढून धरलेला, जपून टाकलेला, आईच्या टिकलीला बरोबर पुरेल एवढाच. बायका म्हणाल्या, छान वाचते. मला काही वाटलं नाही. डबा घरी आणला, जेवलो.

रोज तसंच. काही दिवसांनी ती मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायला लागली. विचारलं, "काय झालं?" म्हणाली, "हवा बदललीय." मी बरं म्हटलं आणि पाठ फिरवली. मोठ्या आवाजाच्या माणसाला बारीक बोलायला किती जोर लागतो हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

मग एका संध्याकाळी वाचता वाचता तिचा आवाज चिरला. शब्द अर्धे बाहेर, अर्धे आत. मागून कुणीतरी म्हणालं, "ऐकू येत न्हाई." बायकोनं आवंढा गिळला, गळ्याला हात लावला आणि पुढची ओळ घेतली. पुन्हा चिरला. पुन्हा मागून तेच, "ऐकू येत न्हाई." थांबावं, पाणी मागावं, काही नाही. प्रकरण चालू होतं ना. वाचन थांबत नसतं.

हे तिला आईनं शिकवलेलं. मला वाटत होतं आई त्या बटणात आहे. आई तिथं पुढं बसून आवंढे गिळत होती, माझ्या हट्टापायी.

मी हात पुढं केला आणि आवाजाचं बटण टिकलीवरून खाली आणलं. कट्टकन आवाज नाही, काही नाही, गुळगुळीत फिरलं. बायकोला हळूच म्हटलं, "तुझ्या आवाजात वाच."

तिनं वाक्य न तोडता एकदा माझ्याकडं बघितलं. माईक जवळ घेतला. आणि तिचा तो दौंडचा आवाज आला, घोगरा, फुटलेला, पण भरदार. मागच्या बायकांनी माना डोलावल्या. आणि मला रडू आलं. इतके महिने जे आलं नव्हतं ते सगळं एकदम. मला आवरेना. मी डब्यामागं तोंड घातलं, शर्टाची बाही दातात धरली, तरी हुंदका बाहेर आलाच. आई गं, असं तोंडातून गेलं.

बायकोनं ऐकलं. पान उलटलं, आणि शेजारच्या रुळावरून मालगाडी चाललीय अशी मोठ्यानं वाचायला लागली. मावशींनी एक कान झाकला, पण या वेळी कमी कर म्हणाल्या नाहीत. प्रकरण संपेपर्यंत ती तशीच वाचत राहिली. माझं रडणं मागं कुणालाही ऐकू गेलं नाही.