बाबांनी दुर्बिणीतून पाहिलेलं स्थळ

आमचे बाबा रस्त्यांच्या मोजणीवर होते आणि एकदाच पाहिलेल्या गोष्टीवर त्यांचा काडीचा विश्वास नसे. थिओडोलाइट या दुर्बीण बसवलेल्या, कोन मोजायच्या यंत्रानं कोन वाचायचा, मग दुर्बीण पालटायची, यंत्र अर्धं फिरवायचं आणि तोच कोन पुन्हा वाचायचा. यंत्रात थोडा वाकडेपणा असतोच. पहिल्या खेपेला चूक डावीकडे गेली, तर दुसऱ्या खेपेला तितकीच उजवीकडे जाते, आणि सरासरीत दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. माझं आईशी भांडण झालं तरी बाबा दोघींचं ऐकून मधलं काढत. ते मधलं नेहमी आईच्याच बाजूला निघे, हा भाग वेगळा.

सत्तरीच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात मला पाहायला मुलगा आला, तेव्हा बाबा दौऱ्यावर होते. त्यानं माझे करपलेले पोहे निमूट खाल्ले, वर पुन्हा मागून घेतले. मला तो आवडला, अगदी मनापासून. पण बाबांनी परतल्यावर जाहीर केलं, "मी पाह्यल्याशिवाय होकार नाही."

नेमकं त्यांचं काम रामदासपेठेत, मुलाच्या ऑफिससमोरच्याच रस्त्यावर निघालं. 'पहिल्या मजल्यावर खिडकीजवळ बसतो' एवढं आईनं सांगितलं होतं. बाबांनी दुर्बीण खिडकीवर रोखली. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा. संध्याकाळी निकाल आला.

"नाही जमत. सकाळीबी शिपायावर खेकसून राहिला होता, दुपारीबी. दोन्ही रीडिंगं जुळली."

मी आधी रडले, मग चिडले. दुसऱ्या दिवशी छत्री धरायच्या निमित्तानं हट्टानं बाबांसोबत गेले. उन्हानं यंत्र तापलं की त्यावरच्या पातळी दाखवणाऱ्या नळीतला बुडबुडा सरकतो आणि कोन बिघडतो, म्हणून छत्री लागतेच. संधी मिळताच मी दुर्बिणीला डोळा लावला. त्या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसे. खाली गुळगुळीत टक्कल, वर पान चघळणारं तोंड.

"बाबा, हा तो नाहीच! त्याले तर भरपूर केस आहेत!"

"टक्कल तुझ्या आईनं लपवलं असंल, असं वाटलं मले."

"भलत्याच माणसाले दोनदा पाह्यलं तुम्ही. मग रीडिंगं जुळतीलच ना!"

मला इतकं हसू आलं की छत्री हलायला लागली.

तेवढ्यात खरा मुलगाच पाण्याचा तांब्या घेऊन रस्ता ओलांडून आला. कूलरसमोरची त्याची खिडकी उन्हाळ्यापुरती ऑफिसातल्या त्या टकल्या मोठ्या बाबूंनी बळकावली होती, हे नंतर कळलं. मला पाहून तो दचकला, पण तांब्या बाबांपुढे धरला.

"एवढ्या उन्हात काय मोजून राहिले, काकाजी?"

"तुम्हालेच," बाबा म्हणाले.

तो लाजला, हसला आणि घाम पुसत तिथंच उभा राहिला. बाबा पाणी प्यायले. यंत्राकडे वळले, बुडबुडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातली छत्री केव्हाच त्याच्या डोक्यावर गेली होती.

"छत्री यंत्रावर धर वं," बाबा म्हणाले. "त्याच्यावर धरजो लग्न झाल्यावर."