खरं सांग, मारणार नाही

काल लाईट आल्यावर मेणबत्ती विझवली आणि त्या वासाने मला लहानपणीच्या, रांझीच्या क्वार्टरमध्ये नेलं. रविवार होता. बुद्धवंदनेसाठी आईने अंथरलेलं पांढरं कापड माझ्या हातून मेणबत्ती पडून जळलं होतं. बाबा शेजारी बसून मऊ आवाजात म्हणाले, "खरं सांग बेटा, मारणार नाही."

नुकतंच आम्ही सगळ्यांनी मिळून खोटं न बोलण्याचं शील म्हटलं होतं. मी सांगून टाकलं. खाडकन कानाखाली बसली.

"बाबा, तुम्ही तर म्हटलं होतं..."

"मग काय, हार घालू तुला?"

त्यानंतर मी बाबांना माझी एकही चूक कधी सांगितली नाही. ते मात्र शेवटपर्यंत पाहुण्यांना कौतुकाने सांगत, "एका थापडेत सुधरला पोरगा. खोटं बोलतच नाही जी!" मी बाजूला बसून हसत असे.