नादार

पुनावळ्याच्या शाळेत दत्तोबा मास्तरांनी सोळा वर्षं पोरांच्या हाताला धरून अक्षरं गिरवून घेतली. ऊन कललं की काखेत छत्री मारून ते घरोघर फिरत आणि शाळा चुकवणारी पोरं गोळा करत. पण सत्तावन्न साली त्यांची चप्पल झिजली ती एकाच दाराशी.

गेनबाची ठकू चौथीच्या स्कॉलरशिपला तालुक्यात दुसरी आली होती. चिंचवडच्या एका हायस्कुलानं हुशार मुलांसाठी वेगळा वर्ग काढला होता. फी गेनबाला झेपणारी नव्हती, पण नादारीचा अर्ज केला की ती माफ होई. पालकाची सही नाहीतर अंगठा, एवढंच काम. सोमवारी मुदत संपत होती.

मास्तरांनी ओट्यावर बसून अर्ज मोठ्यानं वाचला, तिथंच चुकलं. ‘पालक नादार असल्याने’ हे ऐकलं आणि गेनबा उठून उभा राहिला.

“नादार आमच्या गावात एकच झाला, मास्तर. गणू वाणी, दिवाळं निघालेला. चावडीवर त्याच्या नावानं दवंडी पिटली, घरातली भांडी रस्त्यात मांडली. मी त्याच्या पंगतीला बसू व्हय?”

“अहो, तो नादार वेगळा. हा शाळेतला.”

“शबुद त्योच हाय.”

मास्तर घरी आले. तो शब्द खोडून त्यांनी ‘मुलगी हुशार असल्याने’ असं लिहिलं आणि शनिवारी उन्हातान्हात चिंचवड गाठलं. कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं.

“मास्तर, हुशारीला रकाना नाही. नादारीला आहे.”

“वर्ग हुशारांचाच आहे ना?”

“वर्ग आहे. रकाना नाही.”

नवा कोरा अर्ज घेऊन मास्तर पवना नदी उतरून परतले. असला शब्द ज्यानं अर्जात घातला त्याला एकदा गेनबासमोर बसवावं, असं सबंध वाटभर त्यांच्या मनात येत राहिलं.

रविवारी पुन्हा ओटा. गेनबा तंबाखू मळत छपराकडं बघत होता. गोठ्यातून त्याची बायको गवराबाई शेणाचे हात धूत आली.

“आना त्यो कागद हिकडं.”

“वाचून दाखवू का, बाई?” मास्तरांचा स्वर थकला होता.

“नगा. वाचलं म्हनूनच तर ह्यो घोळ झाला.”

तिनं शाईत अंगठा बुडवला आणि भाकरी थापावी तसा कागदावर दाबला. गेनबानं मान फिरवली. बघितलं नाही म्हणजे झालंच नाही, अशी.

अर्ज मंजूर होऊन हायस्कूल सुरू झालं त्या सकाळी मास्तर नदीच्या उतारावर आले, तर गेनबा लेकीला पोचवायला आलेला.

“मास्तर, अंगठा घरातल्या बाईचा हाय न्हवं?”

“हो.”

“मंग नादार ती. मी न्हाई.”

मास्तरांनी कपाळाला हात लावला. ठकू तोवर परकर खोचून, दप्तर डोक्यावर धरून, अर्धी नदी ओलांडून गेली होती.